भिजत घोंगडें

घोंगडें एकदां भिजलें म्हणजे तें अंगावर घेण्याच्या उपयोगाचें राहत नाहीं. आणि जड तर इतकें होतें कीं, उचलून वाळत घालण्याचाहि कोणास उत्साह होत नाहीं. मग तें आहे तेथेंच पडून राहतें. ज्या प्रश्नाचा निकाल 'होय' असाहि लागत नाहीं व 'नाहीं' असाहि लागत नाहीं, त्याला आमच्या वाडवडिलांनीं 'भिजत घोंगडें' म्हटलें तें फार समर्पक आहे. असा प्रश्न दिवसेंदिवस अधिक जड होत जातो, आणि त्याला हात लावण्याची इच्छा दिवसेंदिवस कमी होत जाते.

ह्या सदरांत आम्ही बहुधा घरांतले, शाळेंतले आणि क्वचित् ग्रंथांतले विषय घेतों. ह्या महिन्याचा विषय कचेरींतला आहे, व तोहि नव्या तऱ्हेच्या कचेरींतला. परंतु तो आमच्या वाचकांच्या जेवणघरापर्यंत येऊन पोंचला असल्यामुळें त्याची दखल घेणें प्राप्त आहे. पुण्यास हिंजवडी, खराडी, बाणेर ह्या भागांत ज्यांचीं मुलें-सुना नोकरीस आहेत, त्या घरांतून रात्रीं साडेनऊ वाजतां काय होतें हें सांगावयास नको. पानें मांडलेलीं असतात, आणि घरांतील एक कर्तें माणूस कानाला यंत्र लावून, दार लोटून आंत बसलेलें असतें. 'मीटिंग चालू आहे' एवढेंच उत्तर मिळतें. मीटिंग कशाची असें विचारावें, तर 'अजून ठरत नाहीं' असें कळतें. काल काय ठरलें? कालहि ठरलें नव्हतें. आमच्या परिचयाच्या अनेक मातापितरांचा असा समज आहे कीं, मुलांस काम फार आहे. आमचें मत थोडें निराळें आहे. काम आहे तेवढेंच आहे. तें ठरत नाहीं म्हणून फार झालें आहे.

ह्या मुलांच्या बोलण्यांत 'प्रॉडक्ट टीम' हा शब्द वारंवार येतो. विकावयाची वस्तु, मग ती हातांत धरावयाची असो किंवा फोनच्या पडद्यावर दिसणारी असो, योजून, घडवून, बाजारांत आणून पुढें तिची निगा राखणारी जी आठदहा माणसांची तुकडी, ती प्रॉडक्ट टीम. तींत काय करावयाचें हें पाहणारा एक असतो, वस्तूचें रूप योजणारा एक, प्रत्यक्ष रचना करणारे पांचसहा अभियंते, दोष हुडकणारा एखादा; शिवाय विक्रीखातें, कायदेखातें, हिशेबखातें ह्यांचे प्रतिनिधि वेळोवेळीं डोकावतात ते निराळेच. गांवचा सुतार पाट करी तेव्हां लांकूड कोणतें घ्यावें, पाट केवढा करावा, किंमत काय सांगावी, हे सर्व निर्णय एकाच डोक्यांत आणि रंधा चालवतां चालवतां होत. त्यासाठीं त्याला कोणाची सभा बोलवावी लागत नसे. आतां कौशल्य दहा हातांत वांटलें गेलें आहे आणि त्यामुळेंच विमानासारखी किंवा फोनसारखी वस्तु होऊं शकते, हें खरें. पण त्याबरोबर निर्णयहि दहा डोक्यांत वांटला गेला, आणि तो एकत्र कसा आणावयाचा हा नवाच धंदा होऊन बसला.

प्रथम घड्याळाचा हिशेब पाहूं. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचें घड्याळ आपल्या मागें असतें. उन्हाळ्यांत साडेबारा तास व हिंवाळ्यांत साडेतेरा तास. पुण्यांत सकाळीं अकरा वाजतां एखाद्या अभियंत्यास शंका आली, आणि तिचा निकाल लावण्याचा अधिकार कॅलिफोर्नियांतील गृहस्थांकडे असला, तर ते गृहस्थ त्या वेळीं निजावयाच्या तयारींत असतात. ते आपल्या कचेरींत सकाळीं नऊस येतील तेव्हां येथें रात्रीचे साडेनऊ, नाहीं तर साडेदहा झालेले असतात. म्हणजे पांच मिनिटांच्या उत्तरासाठीं अख्खा दिवस गेला. त्या उत्तरांतून दुसरी शंका निघाली कीं दुसरा दिवस. तिसरी निघाली कीं तिसरा. तीन शंका, तीन दिवस आणि तीन रात्रींचीं निवालेलीं जेवणें. ह्यांत कोणी आळशी नाहीं कीं कोणी मूर्ख नाहीं. माहिती एका खंडांत व अधिकार दुसऱ्या खंडांत, एवढाच दोष. अशा लहान शंकांचा निकाल जागच्या जागीं लावण्याची मुखत्यारी पुण्यांतल्या माणसास द्यावी, हा त्यावरचा सरळ उपाय आहे. आणि आश्चर्य असें कीं, तोच सर्वांत शेवटीं सुचतो.

जपानांतील टोयोटा कंपनीस तो फार पूर्वीं सुचला. तिच्या मोटारींच्या कारखान्यांत जुळणीच्या रांगेशेजारून एक दोरी गेलेली असे. कांहीं चुकल्याचें दिसलें कीं मजुरानें ती ओढावयाची. दिवा लागतांच त्याचा टोळीनायक धांवत येई, आणि ठराविक अंतरांत दोष निघाला नाहीं तर सारी रांग थांबे. रांग थांबविणें म्हणजे मोठा खर्च. असा खर्च करण्याचा अधिकार साध्या मजुराच्या हातीं देणें कित्येकांस वेडेपणाचें वाटलें असतें. कॅलिफोर्नियांत फ्रेमाँट येथें जनरल मोटर्सचा एक कारखाना होता; कामगारांची गैरहजेरी आणि मालाचा हलकेपणा ह्यांबद्दल तो कुप्रसिद्ध होता व १९८२ सालीं तो बंद पडला. तेथें रांग थांबविणें हा अपराध समजला जाई. सदोष मोटार तशीच पुढें जाऊं द्यावयाची आणि मागाहून आवारांत दुरुस्त करावयाची. १९८४ सालीं टोयोटाच्या भागीदारींत तोच कारखाना पुन्हां सुरू झाला. कामगार बहुतेक जुनेच घेतले होते. पण त्यांच्या हातीं आतां दोरी दिली होती. थोड्याच काळांत तेथून निघणाऱ्या मोटारी जपानांतल्या मोटारींच्या तोडीच्या ठरूं लागल्या. ज्याला दोष प्रथम दिसतो त्यालाच थांबविण्याचा अधिकार असला, तर वरच्या मजल्यावरील मंडळींच्या निम्म्या सभांचें कामच उरत नाहीं.

सभांचा विषय निघाला म्हणून पार्किन्सनसाहेबांची आठवण होते. हे इंग्रज इतिहासकार सिंगापूरच्या विद्यापीठांत अध्यापक होते, आणि १९५७ सालीं त्यांचें एक विनोदी दिसणारें पण फार गंभीर असें पुस्तक प्रसिद्ध झालें. त्यांत एका काल्पनिक समितीचें वर्णन आहे. समितीपुढें तीन बाबी येतात. पहिली अणुभट्टी उभारण्याची, म्हणजे कोट्यवधि रुपयांची. ती अडीच मिनिटांत मंजूर होते. दुसरी कारकुनांच्या सायकलींसाठीं छप्पर बांधण्याची. तिला पाऊण तास लागतो. तिसरी सभेच्या वेळीं द्यावयाच्या कॉफीच्या खर्चाची. तिला सवा तास लागून निर्णय पुढच्या सभेवर जातो. कारण उघड आहे. अणुभट्टी कोणासच कळत नाहीं, म्हणून सर्व गप्प. छप्पर सर्वांस कळतें, आणि कॉफी तर सर्व पितात.

आम्ही शाळेंत होतों तेव्हां ह्या शास्त्राचा प्रत्यय कित्येकदां घेतला आहे. इमारतीच्या गळक्या छपराचें लाखाच्या घरांतलें अंदाजपत्रक मंडळींनीं चहाचा पेला खालीं ठेवावयाच्या आंत संमत करावें, आणि स्नेहसंमेलनाच्या पडद्याचा रंग अंजिरी असावा कीं मोरपिशी, ह्यावर सूर्यास्तापर्यंत काथ्याकूट करावा. पडद्याच्या बाबतींत मत नाहीं असा एकहि शिक्षक त्या सभेंत नव्हता. संस्कृतचा शिक्षकहि त्यास अपवाद नव्हता. प्रॉडक्ट टीमच्या मुलांकडून ज्या हकीकती ऐकतों त्या ह्याहून फारशा निराळ्या नाहींत. फोनच्या पडद्यावरील एका बटणावर 'पुढें' असा शब्द असावा कीं 'चालू ठेवा' असा, ह्यावर सहा आठवडे घालविणाऱ्या एका टीमची कथा आमच्या एका माजी विद्यार्थिनीनें सांगितली. त्याच टीमनें गिऱ्हाइकांची खासगी माहिती कोठें साठवावी हा प्रश्न मात्र एका दुपारीं उरकला होता.

उलटहि घडतें, तें सांगितलें पाहिजे. गूगल कंपनींतील डग्लस बोमन नांवाचे एक रूपकार २००९ सालीं नोकरी सोडून गेले, आणि जातांना त्यांनीं आपली तक्रार प्रसिद्ध केली. दोन निळ्या रंगांपैकीं कोणता घ्यावा हें ठरेना, म्हणून मधल्या एकेचाळीस छटा प्रत्यक्ष लोकांपुढें ठेवून कोणतीवर अधिक बोटें पडतात हें मोजण्यांत आलें. एका रेघेची जाडी तीन बिंदूंची असावी, चारांची कीं पांचांची, ह्याचाहि पुरावा त्यांच्याकडे मागण्यांत आला. कंपनीची बाजू अशी कीं, कोट्यवधि लोक जें पान पाहतात तेथें रंगाच्या फरकानेंहि मोठा पैसा येतो. ती बाजू खोटी नाहीं. परंतु जाणत्या माणसाचा डोळा ज्यासाठीं नेमला, तेंच काम मोजपट्टीकडे दिलें म्हणजे तो डोळा निघून जातो, हेंहि तितकेंच खरें.

आतां एका मोठ्या घोंगड्याकडे वळूं. फिनलंडांतील नोकिया कंपनी आमच्या वाचकांपैकीं बहुतेकांच्या पहिल्या हातफोनावर लिहिलेली होती. २००८ च्या सुमारास जगांत विकल्या जाणाऱ्या दर दहा हातफोनांपैकीं जवळजवळ चार तिचे असत. ९ जानेवारी २००७ रोजीं ॲपल कंपनीनें आपला आयफोन लोकांस दाखविला. नोकियाकडे पैसा होता, विद्वान् अभियंते होते, आणि धोका ओळखणारींहि माणसें होतीं. कमतरता होती ती एका निर्णयाची. जुनी 'सिंबियन' प्रणालीच सुधारून वापरावी, कीं 'मीमो' नांवाची नवी पुढें आणावी? दोन्ही चालू राहिल्या. २०१० सालीं मीमोची इंटेल कंपनीच्या प्रणालीशीं जोड घालून 'मीगो' असें तिसरेंच नांव जन्मास आलें. २०११ च्या फेब्रुवारींत हें सर्व बाजूस सारून मायक्रोसॉफ्टची प्रणाली घेण्याचें ठरलें. मध्यें चार वर्षें गेलीं होतीं. २०१३ च्या सप्टेंबरांत फोनचा धंदा मायक्रोसॉफ्टला विकण्याचें जाहीर झालें. फिनलंडांतील सालो येथील कारखाना २०१२ सालींच बंद झाला होता. आपल्याकडे चेन्नईजवळ श्रीपेरुंबुदूर येथें जो प्रचंड कारखाना होता त्यांतील काम १ नोव्हेंबर २०१४ पासून थांबलें. ह्या शेवटच्या गोष्टीस कराचा तंटाहि कारण होता, सर्वच दोष धरसोडीवर टाकतां येणार नाहीं. पण हजारों तरुण कामगारांची, आणि त्यांत मुलींची संख्या मोठी, रोजी गेली हें मात्र खरें.

ही धरसोड कशामुळें झाली ह्याचा शोध क्वी हुई व तिमो वुओरी ह्या दोन अभ्यासकांनीं नोकियांतील माणसांच्या मुलाखती घेऊन केला व २०१६ सालीं तो प्रसिद्ध झाला. त्यांचा निष्कर्ष वाचून आम्हांस वर्गाची आठवण झाली. वरचे अधिकारी प्रतिस्पर्ध्यांना व भागधारकांना भ्याले होते, म्हणून खालच्यांवर ओरडत. मधले अधिकारी वरच्यांना भ्याले होते, म्हणून 'अमुक तारखेस होणार नाहीं' हें खरें उत्तर कोणी देईना. ज्या वर्गांत 'मला हें आलें नाहीं' असें म्हणणाऱ्यास छडी मिळते, त्या वर्गांत सर्वांनाच सर्व येत असतें. परीक्षेच्या निकालाच्या दिवशीं काय तें कळतें. निर्णय जलद व्हावे म्हणून पुष्कळ कंपन्या नवीं कोष्टकें व नवीं यंत्रें विकत घेतात. वाईट बातमी आणणाऱ्यावर डोळे वटारणें बंद करावें, ह्याला एक पैहि लागत नाहीं.

ह्यावर कोणी विचारील कीं, तुम्ही घाईचे पुरस्कर्ते झालां कीं काय? ह्या प्रश्नाचें उत्तर देण्यासाठीं आम्ही एका अमेरिकन व्यापाऱ्याचा आणि भीष्मांचा एकत्र आधार घेणार आहों. दोघांनाहि ही संगत चालेल असें वाटतें.

ॲमेझॉन कंपनीचे संस्थापक जेफ बेझोस ह्यांनीं भागधारकांस लिहिलेल्या २०१५ सालच्या पत्रांत निर्णयांचे दोन वर्ग पाडले आहेत. कांहीं निर्णय एकतर्फी दाराप्रमाणें असतात. पलीकडे गेल्यावर परत येतां येत नाहीं. असे निर्णय सावकाश, विचारविनिमय करून घ्यावे. पण बहुतेक निर्णय दोन्ही बाजूंनीं उघडणाऱ्या दारासारखे असतात. आंत जाऊन पाहावें, आवडलें नाहीं तर बाहेर यावें. असे निर्णय एका जाणत्या माणसानें किंवा लहान तुकडीनें झटपट घ्यावे. संस्था मोठी झाली म्हणजे ती दुसऱ्या वर्गाच्या निर्णयांसहि पहिल्या वर्गाचे सोपस्कार लावूं लागते, आणि तेथें मंदपणा येतो, असें त्यांचें म्हणणें.

आतां शांतिपर्व उघडावें. युधिष्ठिरास उपदेश करतांना भीष्म तीन मत्स्यांची कथा सांगतात. तळ्याचें पाणी कोळी उपसूं लागले. अनागतविधाता आधींच निघून गेला, प्रत्युत्पन्नमति जाळ्यांत सांपडूनहि युक्तीनें निसटला, आणि दीर्घसूत्र, 'पाहूं, घाई काय आहे' म्हणणारा, मेला. ह्याच पर्वांत पुढें हेच भीष्म चिरकारीची कथा सांगतात, आणि तेथें दिरंगाईची स्तुति करतात! गौतम रागाच्या भरांत आपल्या पुत्रास आईचा वध करण्याची आज्ञा देऊन वनांत गेले. पुत्र स्वभावानेंच सावकाश. पित्याची आज्ञा थोर कीं माता थोर, ह्याचा तो विचार करीत बसला. इकडे गौतमांचा राग निवला, ते पश्चात्तापानें धांवत परत आले, आणि आई जिवंत पाहून त्यांनीं मुलाच्या मंदपणास धन्यवाद दिले.

विद्यार्थी आम्हांस विचारीत कीं, भीष्मांचें खरें मत कोणतें? दोन्ही खरीं. तळें सोडून जाणाऱ्या मत्स्यास, कोळी आले नसते तर परत येतां आलें असतें. मातेचा शिरच्छेद केल्यावर चिरकारीस कांहींहि परत करतां आलें नसतें. शहाणपण हें, आपल्यापुढचा प्रसंग तळ्याचा आहे कीं तरवारीचा, तें प्रथम ओळखण्यांत आहे. प्रॉडक्ट टीमपुढें येणारे शंभरांतले बहुतेक प्रसंग तळ्याचे असतात. बटणावरील शब्द सोमवारीं बदलला आणि शुक्रवारीं पूर्ववत् केला तर कोणाचें कांहीं जात नाहीं. गिऱ्हाइकांची खासगी माहिती एकदां बाहेर फुटली म्हणजे मात्र ती पुन्हां डब्यांत भरतां येत नाहीं.

तरवारीचा प्रसंग घाईनें उरकला म्हणजे काय होतें त्याचें उदाहरण २७ जानेवारी १९८६ च्या रात्रीचें आहे. दुसऱ्या दिवशीं अमेरिकेचें 'चॅलेंजर' हें अवकाशयान उडावयाचें होतें. त्याच्या अग्निबाणांचे भाग जोडणाऱ्या रबरी कड्या थंडींत ताठर होतात ही भीति ते अग्निबाण बनविणाऱ्या मॉर्टन थायोकॉल कंपनींतील रॉजर बोइसजोली आदि अभियंत्यांनीं टेलिफोनवरील सभेंत बोलून दाखविली. सुमारें बारा अंशांहून कमी उष्णमान असेल तर उड्डाण करूं नये अशी त्यांची शिफारस होती. सरकारी अधिकाऱ्यांस ती रुचली नाहीं. नेहमींची रीत अशी कीं, उड्डाण सुरक्षित आहे हें सिद्ध करावें. त्या रात्रीं तें असुरक्षित आहे हें सिद्ध करा, असें अभियंत्यांस सांगण्यांत आलें. कंपनीच्या एका वरिष्ठानें आपल्या सहकाऱ्यास, अभियंत्याची टोपी उतरवून व्यवस्थापकाची टोपी घाला, असा सल्ला दिला. शिफारस फिरली. सकाळीं दोन अंशांच्या आसपासच्या थंडींत यान उडालें आणि ७३ सेकंदांत त्याचा नाश होऊन सातहि जणांचा अंत झाला. त्यांत एक शाळामास्तरीण होती. सायकलींच्या छपराला पाऊण तास देणाऱ्या जगानें ह्या प्रश्नास आणखी एक दिवस दिला असता तर बिघडलें नसतें.

वर्ग पाडल्यावर पुढचा प्रश्न उरतो तो, ठरवावें कोणीं. ॲपल कंपनींत प्रत्येक कामापुढें एका, आणि एकाच, माणसाचें नांव लिहिण्याची पद्धत आहे. काम झालें नाहीं तर कोणाकडे पाहावयाचें हें सभेंतल्या सर्वांस ठाऊक असतें. सल्ला मात्र एकट्यानें घेऊं नये. ह्या बाबतींत कौटिल्याइतकें सूक्ष्म आम्हीं दुसरीकडे वाचलें नाहीं. म्हैसुरास श्यामशास्त्री ह्यांनीं १९०९ सालीं अर्थशास्त्र छापून प्रसिद्ध केलें. त्यांतील मंत्राधिकाराचें प्रकरण प्रत्येक टीमच्या नायकानें वाचावें. एकाच मंत्र्याशीं मसलत केली तर कठिण प्रसंगीं निश्चय होत नाहीं व तो मंत्री शिरजोर होतो; दोघांशीं केली तर दोघे मिळून राजास गुंडाळतात किंवा भांडून कार्य बुडवितात; तीन किंवा चार असले म्हणजे ठीक; त्याहून अधिक झाले कीं निर्णयहि कष्टानें लागतो व गुप्तताहि राहत नाहीं. मसलतीची वेळ टळूं देऊं नये आणि फार वेळ मसलत करीत बसूं नये, हेंहि तेथेंच सांगितलें आहे.

येथें कोणी बारभाईंचा दाखला देतील. 'बारभाईचा कारभार' म्हणजे अनागोंदी, असा अर्थ आपल्या भाषेंत रूढ झाला आहे खरा. पण इतिहासांत त्या मंडळींवर थोडा अन्याय झाला आहे. ३० ऑगस्ट १७७३ रोजीं नारायणराव पेशव्यांचा खून झाल्यावर सखारामबापू, नाना फडणीस आदि मुत्सद्द्यांनीं काय केलें तें पाहावें. गरोदर गंगाबाईस पुरंदरावर सुरक्षित हलविलें, १८ एप्रिल १७७४ रोजीं जन्मलेल्या मुलास अवघ्या चाळिसाव्या दिवशीं पेशवाईचीं वस्त्रें दिलीं, आणि राघोबादादांची सत्ता काढून घेतली. इतके जण असून काम आठनऊ महिन्यांत तडीस गेलें, कारण हेतु एकच होता व तो सर्वांस स्पष्ट होता. हेतु साधल्यावर मतभेद माजले आणि कारभार अखेर नानांच्या एकट्याच्या हातीं आला. असो.

दूर असलेल्या माणसांशीं पत्र पाठवून मसलत करावी, असेंहि कौटिल्य सांगतो. रात्रीं साडेनऊच्या मीटिंगवर आम्हांस हाच उतारा दिसतो. ॲमेझॉनमध्यें २००४ सालापासून वरिष्ठांच्या सभेंत चित्रफलक दाखविण्यास मनाई आहे; मुद्दा पूर्ण वाक्यांत, फार तर सहा पानांत लिहून आणावयाचा, आणि सभेच्या आरंभीं सर्वांनीं तो मुकाट्यानें वाचावयाचा. पूर्ण वाक्य लिहूं लागलें म्हणजे विचारांतलें भोंक लिहिणाऱ्यासच प्रथम दिसतें. चाळीस वर्षें निबंध तपासणाऱ्यास हें कोणीं पटवून देण्याची गरज नाहीं. पुण्यांतल्या मुलीनें दुपारीं चार वाजतां असें टिपण लिहून पाठवावें, शेवटीं 'उद्यां दुपारपर्यंत हरकत न आल्यास मी अमुक करीन' असें एक वाक्य घालावें, आणि रात्रीं घरच्यांबरोबर जेवावें. कॅलिफोर्नियांतील गृहस्थ आपल्या सकाळीं तें वाचतील.

माहिती पुरी नाहीं ही सबब नेहमीं पुढें येते. बेझोस ह्यांनीं २०१६ सालच्या पत्रांत असा अदमास दिला आहे कीं, हवी असलेल्या माहितीपैकीं सत्तर टक्के हातीं आली म्हणजे बहुतेक निर्णय घ्यावे. नव्वदांची वाट पाहणारा बहुधा उशीर करतो. आंकडा कांटेकोर मानूं नये, धोरण पाहावें. त्याच पत्रांत दुसरी एक चांगली रीत आहे. मत पटलें नाहीं तर तें स्पष्ट सांगावें. पण ठरल्यावर 'मला पटलेलें नाहीं, तरी मी मनापासून करीन' असें म्हणून कामास लागावें. एकत्र कुटुंबांत वाढलेल्या आमच्या पिढीच्या बायकांनीं ह्यांतला दुसरा भाग आयुष्यभर केला. पहिला करण्याची त्यांस मुभा नव्हती, हें दुःख आहे.

ज्यांना भविष्याची फार धास्ती वाटते त्यांच्यासाठीं गॅरी क्लाइन ह्या मानसशास्त्रज्ञांनीं २००७ सालीं एक सोपी युक्ति लिहिली. निर्णय घेतल्यावर, पण कामास हात घालण्यापूर्वीं, सर्वांनीं अशी कल्पना करावी कीं वर्ष लोटलें आहे आणि काम पुरतें फसलें आहे. मग तें कां फसलें असेल तें प्रत्येकानें कांहीं मिनिटें कागदावर लिहावें. जी शंका सभेंत बोलणें उर्मटपणाचें वाटतें ती अशा वेळीं सहज बाहेर येते. कौटिल्यानें मसलतीचीं पांच अंगें सांगतांना संकटाचा प्रतीकार हें एक अंग म्हणून मुद्दाम घातलें आहे, तें हेंच.

वर जिचा उल्लेख केला ती आमची विद्यार्थिनी आतां स्वतः एका टीमची प्रमुख आहे. मागील महिन्यांत भेटावयास आली असतां म्हणाली, "सर, हें सर्व ठीक. पण ठरलेलें पुन्हां पुन्हां उकरून काढणाऱ्यांचें काय करूं?" तिला आम्हीं एक साधी दोनशें पानी वही घालण्यास सांगितलें. निर्णय काय, तारीख कोणती, ठरविलें कोणीं, त्या वेळीं कोणत्या गोष्टी ठाऊक होत्या, कोणते दुसरे मार्ग सोडून दिले व कां, आणि हें दार परत उघडणारें आहे कीं नाहीं, इतकें पांचसहा ओळींत लिहावें. नवी माहिती आल्याशिवाय जुनें पान उघडूं नये. तिच्या धंद्यांतहि मायकेल नायगार्ड ह्यांनीं २०११ पासून हीच पद्धत सुचविली आहे, असें तिनेंच नंतर कळविलें. फक्त वही कागदाची नसून पडद्यावरची आहे. दोन आठवड्यांत तिच्या वहींत सतरा निर्णय चढले. त्यांपैकीं दोन तिनें परत फिरविले, एकाला अर्धा तास लागला आणि दुसऱ्याला एक दिवस. बटणावर हल्लीं 'पुढें' असा शब्द आहे.